देसांकाची झारी आणि माझी पाठ

या मित्रांनो, या. जरा जवळ सरका. तिथे रुळांवर नका बसू, त्या दगडी ओट्यावर बसा. ऊनही आहे आणि टेकायला भिंतही आहे. आज तुम्हाला झारीभर पाण्याची गोष्ट सांगते. सरळ सांगायचं असं ठरवलं आहे, पण सरळ जायची माझी सवय केव्हाच मोडली. मध्येच उलटी फिरले तर सांभाळून घ्या.

मी एक जुनी, लांब पल्ल्याची आगगाडी आहे. निदान लोक तसं म्हणतात. माझा गोंधळ इथूनच सुरू होतो.

एखादी जुनी खुर्ची छातीठोकपणे सांगेल की मला अमक्या सुताराने घडवलं. माझं तसं नाही. माझे पहिले डबे एका कारखान्यातले, इंजिन दुसऱ्याच देशातलं. बेलग्रेडहून निघाले की निशला ते इंजिन सुटायचं आणि दुसरं लागायचं. पुढे सीमेवर तिसरं. काही वर्षांनी डबेही भंगारात गेले, नवे आले. तरी मी फलाटात शिरले की लोक ओरडायचे, “रोदा आली, रोदा!” आमच्याकडे करकोच्याला रोदा म्हणतात. तो धुराड्यावर घरटं बांधतो, थंडीत दक्षिणेला जातो आणि वसंतात त्याच घरट्यात परत येतो. मी जाते ती परत येतेच, म्हणून कुणीतरी ते नाव मला दिलं असावं. पण मित्रांनो, इंजिन ते नाही, डबे ते नाहीत, मग जात होतं ते कोण आणि परत येत होतं ते कोण?

हाच प्रश्न एकदा एका प्रवाशाने गाव्रिलो पाद्रीबाबांना विचारला होता. हे बाबा धिप्पाड, दाढी पोटापर्यंत, आणि बोलता बोलता गाऊ लागायची त्यांना सवय. खेड्याखेड्यातल्या देवळांत जायला ते माझ्याच डब्यात बसायचे. प्रवासी म्हणाला, “बाबा, या गाडीचं सगळंच बदललंय. आता हिला रोदा कशाला म्हणायचं?”

“तुझ्या बायकोला विचार,” बाबा म्हणाले. “लग्नात तुझ्या डोक्यावर केस होते म्हणे. तरी ती तुलाच जेवायला वाढते ना?”

डबा हसला. मग बाबांनी डोळे मिटले आणि संत निकोलाची कथा लावली. आमचा हा संत म्हणजे वाटसरूंचा राखणदार. भर समुद्रात वादळ उठतं, खलाशी हाका मारतात, आणि निकोला लाटांवरून चालत येऊन सुकाणू धरतो. एवढं बोलून बाबा सूर लावायचे, “हात दे रे निकोला, वाट लांब आहे,” आणि सगळा डबा ती ओळ मागून म्हणायचा. राकियाची, म्हणजे आमच्या फळांच्या दारूची, बाटली हातातल्या हातात थांबायची. रडणारी पोरं गप्प व्हायची. माझी चाकं आपोआप ठेका धरायची. मित्रांनो, देवाचं नाव असं गळ्यातून आलं की लोखंडालाही पाझर फुटतो, हे मी स्वतःच्या अंगाने अनुभवलं आहे. मी कोण हे मला तेव्हाही कळलं नाही. पण कळलं पाहिजे अशी घाईही वाटेनाशी झाली.

आता या गोष्टीतल्या दोन बहिणींकडे येते.

निशच्या दक्षिणेला, नदीच्या खोऱ्यात ग्राबोवित्सा नावाचं लहानसं स्टेशन आहे. तिथे थोरली देसांका राहायची. धाकटी विदोसावा लग्न होऊन दूर दक्षिणेला, वेलेस गावी गेली. तेव्हा ग्राबोवित्सा आणि वेलेस एकाच देशात होती, आणि मी बेलग्रेडहून निघून पार थेसालोनिकीच्या समुद्रापर्यंत जायचे. नवरी माझ्याच डब्यात चढली. माझी शिट्टी झाली तशी देसांका तांब्याची झारी घेऊन शेवटच्या डब्याच्या मागे आली आणि तिने पाणी ओतलं. आमच्याकडे ही रीतच आहे. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीमागे पाणी ओततात. त्याचा प्रवास पाण्यासारखा सरळ व्हावा आणि ते सुखाने परतावं म्हणून. ओतायचं ते घरी राहणाऱ्याने. आणि ओतायचं ते पाठीमागे. पुढे नाही.

देसांकाने घरजावई केला आणि बापाचं घर सांभाळलं. त्या घराचा संत निकोला. डिसेंबरात त्याच्या दिवशी घरात मेणबत्ती लागायची, गोल पाव कापला जायचा, शिजवलेले गहू साखर घालून पाहुण्यांपुढे यायचे. उपवासाचा काळ म्हणून मांस नाही, मासळी. त्या दिवसासाठी विदोसावा दरवर्षी वेलेसहून यायची. येताना तांदळाची पिशवी आणि वाळक्या लाल मिरच्यांची माळ आणायची. चार दिवस राहून पुन्हा माझ्यात बसायची. आणि दरवर्षी ती झारी.

“ताई, पुरे गं,” विदोसावा खिडकीतून ओरडायची, “तुझे बूट भिजले!”

“भिजू देत. तू आधी डोकं आत घे. खांब आला तर येताना टोपी कशावर घालशील?”

अशी वर्षं गेली. माझे मार्ग मात्र सारखे बदलत होते. एक काळ असा आला की मला वर म्युनिकपर्यंत वाढवलं. आमची माणसं तिकडे कामाला जायची. माझ्या डब्यांत कांद्याचा, धुराचा आणि नव्या सुटकेसांचा वास भरलेला असे. मग कुणाला काय वाटलं कोण जाणे, म्युनिक तोडलं. मग समुद्र तोडला. मग देशाचेच तुकडे झाले आणि वेलेस एका सकाळी परदेश झालं. पहाटे मी ज्या रुळांवरून धडधडत जायचे, तिथे आता दोन वेळा थांबून दोन वेळा शिक्के मारून घ्यावे लागत. मी चक्रावून गेले. रूळ तेच, नदी तीच, आणि माणसं मात्र एकमेकांना पासपोर्ट दाखवताहेत!

त्याच सुमारास माझे डबेही गेले, इंजिनही गेलं. आता मी दोनच डब्यांची गाडी झाले. इंजिन पोटातच, आणि चालकाची खोली दोन्ही टोकांना. चालक पिशवी उचलून या टोकाकडून त्या टोकाला गेला की झालं, मी उलट दिशेला निघायला तयार. लोकांना मोठी सोय वाटली. माझी मात्र झोप उडाली. मित्रांनो, तुम्हीच सांगा, दोन्हीकडे तोंड असलेल्याची पाठ कुठे असते?

आणि त्या डिसेंबरात जे घडायचं ते घडलं.

थंडीत अचानक बर्फ वितळलं, नदी चढली, आणि ग्राबोवित्साच्या पुढचा, दरीतला पूल वाहून गेला. संताचा दिवस होऊन गेला होता, विदोसावा परत निघाली होती. मी उत्तरेकडून नेहमीसारखी स्टेशनात आले. पण पुढे पूल नव्हता. मला आल्या वाटेनेच थोडं मागे जाऊन डोंगरातल्या फाट्याने वळसा घालायचा होता. चालक पिशवी घेऊन दुसऱ्या टोकाला गेला. विदोसावाला तिकीट तपासनिसाने आत सांगितलं. फलाटावर मात्र कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

देसांका बिचारी खिडकीतून बोचकी आत देण्यात गुंतली होती. तिने डोळे पुसले, झारी उचलली आणि इतकी वर्षं जिथे उभी राहायची तिथेच, उत्तरेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. शिट्टी झाली. तिने रुळांवर पाणी ओतलं. आणि मी तिच्याच अंगावर चालून आले.

ती दचकून मागे सरली. माझी चाकं तिच्या पाण्यावरून गेली.

फलाटावर तिहोमिर उभा होता, ग्राबोवित्साचा स्टेशनमास्तर. वयाने लहान, मनाने चांगला, पण जिभेला हाड नाही. तो खो खो हसला. “मावशी, अगं हे काय केलंस? पाणी पाठीमागे ओततात, तू गाडीच्या तोंडावर मारलंस! आता बघ हं, विदोसावाची वाट उलटी फिरणार!”

त्याने गंमत केली. पण मी काचेतून देसांकाचा चेहरा पाहिला. झारी तिच्या हातात होती आणि ती रिकामी झारी पुन्हा पुन्हा उलटी करून बघत होती, जणू सांडलेलं पाणी परत घेता येईल.

पुढच्या वर्षी विदोसावा आली नाही. सीमेवर काहीतरी बिनसलं आणि मला सीमेपलीकडे पाठवणंच बंद झालं. मला डोंगरातल्या एका खाणीच्या गावापर्यंत धाडायचे. माझ्यावरची नावाची पाटी उतरवली, नंबर बदलला. तीही वर्षं गेली. वाट पुन्हा सुरू झाली, पण माझी फक्त सीमेपर्यंत, आणि तोवर विदोसावाचे गुडघे गेले होते. बहिणी टेलिफोनवर बोलायच्या. पण देसांका तिला फक्त हवापाणी विचारायची, मिरच्यांचं विचारायची. मनातलं एक वाक्य तिने कधी विचारलं नाही.

ते ती फलाटावर एकटीच पुटपुटायची. संताच्या दिवसाच्या आधी ती स्टेशनात यायची आणि मी आले की माझे दोन्ही डबे पाहून घ्यायची. कुणी उतरायचं नाही.

एकदा गाव्रिलो पाद्रीबाबा खिडकीत होते. आता पुरते म्हातारे झाले होते. ते म्हणाले, “देसांका, अगं, सीमा मंत्र्यांनी अडवल्या. तू कशाला झुरतेस?”

“मंत्र्यांनी सगळ्यांच्या वाटा अडवल्या बाबा,” ती म्हणाली. “पण माझ्या बहिणीच्या वाटेवर पाणी मी ओतलं. तिच्या पुढे. या हाताने.”

“मग तूच का जात नाहीस तिच्याकडे?”

“मी गेले तर माझ्या मागे पाणी कोण ओतणार? नवरा गेला. घरात कुणी नाही. घरी राहणाऱ्याशिवाय निघणाऱ्याला निघता येतं का?”

बाबांनी नुसतं हळूच म्हटलं, “हात दे रे निकोला.” त्या दिवशी डब्यात मागून म्हणायला कुणी नव्हतं. मला किती बोलावंसं वाटत होतं! देसांका, त्या दिवशी काय झालं ते माझ्या चाकांना माहीत आहे, असं सांगायचं होतं. पण मला शिट्टीशिवाय दुसरा आवाज नाही. आणि खरं सांगू? मलाही खात्री नव्हती. ती म्हणत होती ते ‘पुढे’ म्हणजे माझं तोंड होतं की पाठ, हेच मला ठरवता येत नव्हतं. मी कुणाची समजूत काढणार?

मग एका शरद ऋतूत बातमी आली की नव्या वेळापत्रकात मी नाही. सीमेपर्यंतची माझी फेरी कायमची बंद होणार. तिहोमिरने कागद दाराला चिकटवला. देसांकाने तो वाचला, घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी काळा रुमाल डोक्याला बांधून, हातात शिजवलेल्या गव्हाचा डबा आणि काखेत ती तांब्याची झारी घेऊन फलाटावर हजर झाली.

“मावशी, कुठे निघालीस?” तिहोमिरने विचारलं.

“विदोसावाकडे. आता नाही तर कधीच नाही.”

“मग ही झारी कशाला?”

देसांकाने ती त्याच्या हातात दिली. “घरात कुणी उरलं नाही. तू ओत. तुझी थट्टा खरी झाली होती ना, आता तुझं पाणीही खरं होऊ दे.”

तिहोमिरच्या तोंडचं हसू मावळलं. “मावशी, तू ते अजून... अगं ती नुसती गंमत होती गं.”

“तुझी गंमत. माझी बहीण.”

तो नळावर गेला, झारी काठोकाठ भरली. आणि मग खरा घोळ झाला. पूल बांधून झाला होता, पण त्याची डागडुजी चालू होती. कधी मला सरळ पुलावरून धाडायचे, कधी मागे फिरवून डोंगरातून. आज कुठून, हे टेलिफोनवर कळायचं. टेलिफोन आला नव्हता.

तिहोमिर चालकाला म्हणाला, “अरे, हिची पाठ कुठली आज?”

“मलाच अजून सांगितलं नाही,” चालक म्हणाला. “मी पिशवी घेऊन मधल्या डब्यात बसलोय.”

“मधला डबा? दोनच तर आहेत!”

“म्हणून तर दोन डब्यांमधल्या दारात बसलोय!”

प्रवासी हसायला लागले. एक बाई म्हणाली, “दोन्हीकडे ओत रे बाबा, एक झारी इकडे, एक तिकडे.” तिहोमिर घामाघूम झाला होता. शेवटी टेलिफोन खणखणला. “पूल!” तो ओरडला. “पुलावरून!” म्हणजे मी दक्षिणेला जाणार. तो धावत उत्तरेच्या टोकाला गेला, शिट्टी दिली, आणि देवाचं नाव घेऊन सगळी झारी रिकामी केली.

टेलिफोन पुन्हा खणखणला. पूल नाही. डोंगर.

चालक पिशवी घेऊन पळाला. मी हलले, आणि उत्तरेला निघाले. थेट त्या पाण्यावरून.

तिहोमिर रडवेला झाला. दक्षिणेच्या टोकाकडे धावला. झारीत थेंब नव्हता. त्याच्या खोलीच्या खिडकीत कॉफीचा कप होता. त्याने तो उचलला आणि माझ्या मागे कॉफीच ओतली, गाळासकट. “मावशी, माफ कर!” तो ओरडत होता. “आज पाणी पुढे गेलं, कॉफी मागे! पण मी इथेच आहे गं, मी इथेच आहे!”

देसांका खिडकीत उभी होती. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. पण सीट धरून बसल्यावर तिचं हसू गेलं. गव्हाचा डबा तिने छातीशी घट्ट धरला. पुन्हा पाणी पुढे पडलं होतं.

सीमेच्या स्टेशनात मी थांबले. माझी वाट तिथेच संपायची. पलीकडच्या रुळावर त्यांच्या देशाची गाडी उभी असायची. फलाटावर एक म्हातारी काठी टेकून उभी होती. मी तिला ओळखलं नाही. देसांकाने ओळखलं; आदल्या रात्रीच तिने बहिणीला टेलिफोन केला होता. दोघी बराच वेळ एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

“ताई, तू किती वाळलीस गं!”

“आणि तू किती सुटलीस! गुडघे जाणार नाहीत तर काय?”

मग देसांकाने ते वाक्य विचारलं. “विदा, खरं सांग. त्या वर्षी मी पाणी तुझ्या पुढे ओतलं. त्यामुळेच तुझी वाट अडली ना?”

विदोसावा तिच्याकडे बघतच राहिली. “कोणतं पाणी? ते शेवटचं?” ती म्हणाली. “ताई, मी खिडकीतून वाकून बघत होते. चाक तुझ्या पाण्यातून गेलं. पार डोंगर चढेपर्यंत चाकावर ओल दिसत होती. मी म्हटलं, सगळ्यांचं पाणी फलाटावरच राहतं, माझ्या ताईचं पाणी माझ्याबरोबर आलं. त्या रात्री वाटेत दरड कोसळली होती. आमच्या पुढे. गाडी वेळेत थांबली. मी घरी सुखरूप पोचले. आणि तू म्हणतेस वाट अडली? अगं बये, तू मला हे इतकी वर्षं विचारलं का नाहीस?”

देसांकाने डबा उघडला आणि बहिणीच्या तोंडात चमचाभर गहू घातले.

मित्रांनो, चाकांना माहीत होतं ते हेच. मी बोलू शकले नाही ते विदोसावा बोलली. तेव्हापासून मी विचार करते आहे. पुढे ओतलेलं पाणी माझ्याबरोबर येतं, मागे ओतलेलं मागे राहतं. मग रीत उलटी आहे का? नाही, तसंही नसेल. मला वाटतं, पाठ माझी नव्हतीच कधी. जो फलाटावर थांबतो, तो ज्या बाजूला उभा असतो, ती पाठ. तिहोमिर कॉफीचा कप घेऊन उभा होता, तीही पाठच होती. पण हे मी नक्की कळून सांगते आहे की गोंधळून, तेवढं मला विचारू नका.

वेळापत्रक बदलायच्या आधी देसांका परत आली. निरोपाला विदोसावा सीमेच्या स्टेशनात आली होती. आयुष्यात पहिल्यांदा थोरली खिडकीत होती आणि धाकटी फलाटावर. तिच्या हातात प्लास्टिकची बाटली. ती पुढेही गेली नाही, मागेही नाही. काठी टेकत, वाकत, ती माझ्या मधोमध आली आणि तिने सगळं पाणी चाकावर ओतलं.

आता मी निशच्या यार्डात, या बाजूच्या रुळावर उभी आहे. समोरच्या खांबावर खऱ्या रोदाने घरटं बांधलं आहे; त्याला कुठून कुठे जायचं हे दरवर्षी नीट ठाऊक असतं, त्याचा मला हेवा वाटतो. माझ्या काचा फुटल्या आहेत. जाता येता मुलं दगड मारतात. तुम्ही मारू नका, मित्रांनो. जुन्या गाडीच्या काचेमागे कुणीतरी कधी तरी वाकून फलाटाकडे बघत होतं. आणि घरातलं कुणी लांब निघालं, तर मनात आलेलं वाक्य फार वर्षं साठवून ठेवू नका, विचारून टाका.

देसांका गेली. झारी तिहोमिरच्या स्टेशनातल्या खिडकीत आहे, तो रोज तीत पाणी भरून ठेवतो म्हणे. तुम्ही कधी कुणाला निरोप द्यायला उभे राहिलात, आणि पाणी कुठल्या बाजूला ओतावं हे कळेनासं झालं, तर माझी नाही, ग्राबोवित्साच्या देसांकाची एकदा आठवण काढा.